सोळा सेल, एक अंडं

कडावात नीलेशच्या घरी गेलात, तर चहाच्या आधी बॅटरी बघावी लागते. सुटका नाही. घराला लागून पत्र्याची एक खोली आहे, पूर्वी तिथे गोवऱ्या ठेवायचे. तिथे तो तुम्हाला नेणार, प्लायच्या खोक्याचं झाकण दोन्ही हातांनी उचलणार आणि तुमच्या तोंडाकडे बघत उभा राहणार. आत निळ्या वेष्टनातले सोळा लिथियम सेल, विटेपेक्षा मोठे, दोन ओळींत आठ-आठ. त्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या त्याने स्वतः कापल्या, स्वतः भोकं पाडली आणि पॉलिश पेपरने घासून अशा लखलखीत केल्या की त्याच्या आईच्या देव्हाऱ्यातल्या घंटीने मान खाली घालावी. तुम्ही "वा!" म्हणालात की झाकण खाली. मग चहा.

आणि त्याने मिरवलं, तर त्यात वावगं काय हो? खोपोलीच्या कारखान्यात बारा वर्षं मेंटेनन्सला असलेला माणूस. मशीनच्या नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतो. तयार बॅटरी घे, वॉरंटी मिळते, असं ज्यांनी ज्यांनी सुचवलं त्यांना त्याचं एकच उत्तर होतं, "जी वस्तू आपल्याला उघडता येत नाय, ती आपली नाय."

पण ही बॅटरी हौसेची नव्हती. ती नम्रतासाठी होती.

नम्रता म्हणजे त्याची बायको. ती गावठी कोंबड्यांची पिल्लं काढते, मशीनमध्ये. एका वेळी साडेतीनशे अंडी, एकवीस दिवस, साडेसदतीस अंश ऊब. हाताला इतकी शिस्त की आजूबाजूच्या चार गावांतून माणसं तिच्याकडेच पिल्लं न्यायला यायची. मे महिन्याच्या अखेरीस वळवाच्या वाऱ्यात तारा तुटल्या आणि लाइन अकरा तास गेली. नेमका विसावा दिवस होता. पिल्लांनी आतून कवचाला टवके पाडले होते, टवक्यांतून चोची दिसत होत्या. अकरा तासांनंतरही त्या चोची तिथेच होत्या, पण हलत नव्हत्या. नम्रताने बांधाच्या कडेला एकटीने खड्डा खणला, कुणाला फावडं धरू दिलं नाही. मग मशीन पुसून कोरडं केलं आणि म्हणाली, "विकून टाका. मी शेलूला त्या नव्या बिल्डिंगींत कामाला जाईन, पण हे परत नाय बघवत."

"एक बारी अजून," नीलेश म्हणाला. "मी बॅटरी बनवतो. तुझं मशीन एक मिनिट जरी बंद पडलं, तर मीच टेंपोत घालून विकून येतो."

"बघा हां," एवढंच ती म्हणाली.

तर हे असं होतं. बॅटरी चालली तर नम्रताची हॅचरी राहणार, नाही चालली तर ती बंद.

छपरावर सोलर पॅनल चढली, खोक्यात सेल बसले, मशीन त्याच खोलीत शेजारी आलं. दसऱ्याला हार घालून अंडी मशीनमध्ये गेली आणि तिसऱ्याच दिवशी नीलेशने परीक्षा म्हणून घरचा मेन स्विच पाडला. मशीन बॅटरीवर आलं. छान चाललं. दोन तास झाले. मोबाइलवर बॅटरी अजून साठ टक्के दिसत होती आणि एकाएकी टप्. पंखा थांबला, दिवा गेला. नीलेशने धावत जाऊन मेन वर केला. नम्रता दारात उभी होती. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

दोष सापडायला वेळ लागला नाही. अकरा नंबरचा सेल. बाकीचे पंधरा ३.२ व्होल्टवर निवांत बसलेले असताना हा एकटा घसरत जायचा, २.९, २.७, २.५. सोळांतला एक जरी इतका खाली गेला तरी बॅटरीवर पहारा ठेवणारं सर्किट सगळीच्या सगळी बॅटरी तोडतं. तेच त्याचं काम. म्हणजे एकाच्या पायी पंधरांना उपाशी झोपवायचं.

नट सैल असेल म्हणून त्याने सगळे नट पुन्हा मापाने आवळले. पट्टी काळी पडली असेल म्हणून पट्टी बदलली. शेवटी त्याने मेंटेनन्सवाल्याची जुनी युक्ती केली, अकरा नंबरचा सेल चार नंबरच्या जागी आणि चारचा अकराच्या जागी. आता दोष सेलबरोबर चारवर आला तर सेल खराब, अकरावरच राहिला तर जोडणी खराब. तिसरं काही होऊच शकत नाही.

दोष सहा नंबरला गेला.

सहाला त्याने हातसुद्धा लावला नव्हता. त्याने सहाचा सेल बदलून बघितला. मग तेरावा घसरायला लागला. एकेक सेल सुटा काढून तपासला तर सोळाही ठणठणीत, एकाहून एक भरीव. एकत्र जोडले की कुणीतरी एक मागे पडायचाच. चार दिवस नीलेश कारखान्यातून आला की खोक्यात डोकं घालून बसायचा. जेवताना घास हातात धरून छपराकडे बघायचा.

"किती हायत रं ते?" पाचव्या दिवशी त्याच्या आईने, चंद्राबाईने विचारलं. ती उंबऱ्याला धरून उभी होती. सदुसष्टचं वय, डावा गुडघा कामातून गेलेला. उंबरा ओलांडायचा तर आधी एक हात चौकटीला आणि एक हात मांडीला.

"सोळा."

"सोळा?" म्हातारीने गालाला बोट लावलं. "आरं, बेकीत कुणी बसवतं का? कोंबडीखाली अंडी घालताना नऊ घालावी, अकरा घालावी, सतरा घालावी. बेकीत घातली की एक वाया जातंच. तुला येवढं शिकवलं कारखान्यात, ह्ये नाय शिकवलं?"

"आये, हे सेल हायत गं. अंडी नाय."

"उबेला बसवल्यात ना खोक्यात? मग झालं."

नीलेश हसला. चार दिवसांत पहिल्यांदा हसला, म्हणून नम्रताही हसली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पाळीवरून आला, मेन पाडला आणि मोबाइल उघडला. सोळाच्या सोळा सेल ३.३३१ वर होते. तासाभराने सोळाही ३.३०४. दोन तासांनी ३.२९०. सगळे एकत्र उतरत होते, एकाच्याही शेवटच्या आकड्यात फरक नव्हता. त्याने "नम्रता! अगं बघ!" म्हणून अशी आरोळी ठोकली की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

खोक्याचं झाकण उचललं तेव्हा त्याला ते दिसलं. कोपऱ्यात, शेवटचा सेल आणि प्लाय यांच्या मधल्या फटीत, जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेलं एक अंडं.

"आता झाली एकी," चंद्राबाई मागून म्हणाली.

आता नीलेश काही भोळा माणूस नव्हे. त्याने अंडं उचलून बाहेर ठेवलं, घड्याळ लावलं. दहा मिनिटांत नऊ नंबर घसरायला लागला. अंडं परत ठेवलं, नऊ नंबर वर आला. पुन्हा काढलं, दोन नंबर घसरला. असं तीनदा केलं. एकदा झालं तर योगायोग, तीनदा झालं तर नियम, हे त्याला आयटीआयमध्ये दत्तोपंत सरांनी शिकवलं होतं. नियमाचं कारण नंतर शोधू, त्याने ठरवलं, आधी पिल्लं निघू देत. चिंधी नीट गुंडाळून अंडं जागच्या जागी ठेवलं आणि झाकण लावलं.

तरी राहवेना, म्हणून रविवारी तो कर्जतहून खुद्द दत्तोपंत सरांना घेऊन आला. सत्तरी ओलांडलेले, निवृत्त, आवाज अजून वर्गात शिकवावं तसा. खोलीच्या तीन पायऱ्या ते नीलेशच्या खांद्याला धरून चढले. चामड्याच्या पिशवीतून स्वतःचा मीटर काढला आणि एकेका सेलला सुया लावून आकडा मोठ्याने म्हणू लागले. तोच आकडा सोळा वेळा. नीलेशची छाती इंच इंच फुगत होती.

सरांनी खिशातल्या टॉर्चचा सेल काढून त्यावर मीटर लावला. मीटर ठीक होता.

"नीलेश, हे असं नसतं," ते म्हणाले.

"पण चांगलं हाय ना सर?"

"चांगलं आहे. हात तुझा चांगलाच आहे, त्यात वाद नाही. पण एका दिवशी, एका मशीनवर बनलेल्या दोन सेलांतसुद्धा फरक असतो. फरक असतो म्हणून तर आपण मोजतो." त्यांनी मीटर पिशवीत घातला, पुन्हा बाहेर काढला, पुन्हा आत घातला. "भरलेल्याकडून काढायचं, रिकाम्याला द्यायचं, हे सर्किटचं काम ठीक आहे. पण त्याने कुठेतरी थांबायला हवं. हे कुठे थांबतंय?"

अंड्याबद्दल नीलेश बोलला नाही. लाजच वाटली.

निघताना सरांना आधार द्यायला त्याने खांदा पुढे केला. सरांनी तो धरला नाही. तिन्ही पायऱ्या ते सरळ उतरून गेले, खाली पोचले आणि मागे वळून पायऱ्यांकडे बघत राहिले. मग स्वतःच्या गुडघ्यांकडे. नम्रता चहा घेऊन आली तर "नको, नको" म्हणत फाटकाबाहेर पडले. त्यानंतर नीलेशने दोनदा फोन केला. त्यांनी उचलला नाही.

परतीचा पाऊस आला तो गडगडाट घेऊनच. सतराव्या दिवशी दुपारी लाइन गेली. अठराव्या दिवशी नाही आली, एकोणिसाव्या दिवशीही नाही. वायरमन म्हणाले, नदीपलीकडचा खांबच पडलाय. आभाळ इतकं काळं की पॅनलवर नावापुरतंसुद्धा ऊन नव्हतं. हिशेबाने बॅटरी दीड दिवस पुरायला हवी होती. ती तीन दिवस आणि वर एक सकाळ पुरली. सारं कडाव मेणबत्त्यांवर, आणि ह्या एका पत्र्याच्या खोलीत मशीनचा पंखा गुणगुणतोय, काट्यावर साडेसदतीस. गल्लीतली पोरंबाळं, बायाबापड्या बघायला यायच्या. नीलेशने रजा टाकली होती. दारात खुर्ची टाकून तो बसायचा, आणि सांगतो तुम्हाला, त्या तीन दिवसांत त्याच्याएवढा ऐटीत बसलेला माणूस साऱ्या कर्जत तालुक्यात नसेल.

एकविसाव्या दिवशी सकाळी पिल्लं निघाली. सातव्या दिवशी टॉर्चवर बघून जीव न धरलेली अंडी नम्रताने काढून टाकली होती. उरली होती तीनशे बारा. पिल्लं निघाली तीनशे बारा.

"असं होत नाय," नम्रता म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "अहो, चाळीस-पन्नास तरी जातातच. असं कधी होत नाय."

"तुझ्या नवऱ्याची बॅटरी हाय ती!" नीलेश म्हणाला. आणि ती त्याच्या दंडाला डोकं टेकून, सगळ्यांच्या देखत, खुशाल रडली. त्याला आयुष्यात कुणी इतकं मोठं बक्षीस दिलं नव्हतं.

त्याच दुपारी तिने पिल्लं वजनकाट्यावर घेतली, नेहमी घेते तशी. पहिलं छत्तीस ग्रॅम. दुसरं छत्तीस. विसावं छत्तीस. ती काटा पुसायची, शून्य करायची, पुन्हा ठेवायची. छत्तीस. पन्नासाव्या पिल्लानंतर तिने काटा बंद केला.

पिल्लं गुणी होती, अगदी अती गुणी. खायला एकदम यायची, एकदम मागे सरायची. डोळे मिटायची तेही एकदम, आणि मग टोपलीत चिटपाखरू नसावं तशी शांतता. "एखादं दांडगं असतं ना टोपलीत, दुसऱ्याला चोच मारणारं," नम्रता म्हणाली. "एखादं मरतुकडं असतं. ह्यांच्यात कुणीच नाय."

पण लोकांना पिल्लं आवडली. आठवड्यात सगळी गेली. बचत गटाच्या नऊ बायकांनी आपापल्या कोंबड्यांची अंडी आणून दिली आणि दिवाळी झाल्यावर दुसरी खेप लागली. फाटकावर पाटी आली, 'नम्रता हॅचरी', तिच्याच अक्षरात. पाटी ठोकताना नीलेशने तिला दहा वेळा विचारलं, सरळ आहे ना, सरळ आहे ना. ती खाली उभी राहून हसत होती. मग हसता हसता फाटकाला टेकली आणि गुडघा चोळू लागली.

"काय झालं?"

"काय नाय ओ. उभं राहून राहून."

डावा गुडघा होता.

दोन दिवसांनी नीलेश घरी आला तर छपरावर कुणीतरी पॅनल पुसत होतं. त्याने कपाळावर हात धरून वर बघितलं. चंद्राबाई होती. शिडीवरून ती पाठ न वळवता, बादलीसकट उतरून आली.

"आये! गुडघा?"

"दुखायचा ऱ्हायला बाबा आपोआप," ती म्हणाली. तोंडात नेहमीची दातांची कवळी नव्हती, तरी बोलणं स्वच्छ होतं. "त्या खोलीत मशीनजवळ बसतो ना आमी दोघी, उबेला. त्या उबेनं ऱ्हायला." आणि लुगडं कामात पायात येतं म्हणून तिने नम्रताचा गाऊन घातला होता, खांद्यावर टॉवेल टाकून. शेजारीपाजारी कौतुक करायचे, म्हातारी सुनेच्या हाताखाली कशी राबतेय बघा. नीलेशलाही अभिमान वाटला. का वाटू नये?

नम्रता अंडी टॉर्चवर धरताना हात लांब नेऊन बघायला लागली होती. नीलेशलाही मोबाइलवरचे आकडे थोडे लांबून बरे दिसायचे. दिसायचे ते मात्र सगळे सारखे.

दुसऱ्या खेपेच्या अकराव्या दिवशी सकाळपासून लाइन नव्हती. दुपारी तो पहिल्या पाळीवरून आला. अंगणात ऊन होतं. दोघी फाटकाकडे पाठ करून बसल्या होत्या, येणाऱ्या पिल्लांसाठी कणी पाखडत. दोघींच्या अंगात गाऊन, दोघींच्या खांद्यावर टॉवेल. सुपं एकदम वर जात होती, एकदम खाली.

दोघींच्या केसांत, उजव्या कानावर, पांढरी बट होती. तेवढीच.

दोघींनी डावा पाय लांब केला होता.

नीलेश फाटकातच थांबला. मग आवाज न करता तो कडेने खोलीत गेला आणि खोक्याचं झाकण उचललं.

पट्ट्या चमकत होत्या. त्याने चिंधी सोडली. दसऱ्यानंतरचं ते अंडं, महिनाभराहून जास्त उबेत राहिलेलं. त्याने ते मोबाइलच्या उजेडावर धरलं. आत काही नव्हतं. शीर नाही, डाग नाही. आत्ता घातल्यासारखं निर्मळ.

शेजारी मशीनचा पंखा गुणगुणत होता. साडेसदतीस. काचेआड नऊ घरची अंडी, प्रत्येकावर नम्रताच्या हातचं, पेन्सिलने लिहिलेलं मालकिणीचं नाव. अंडं काढलं तर दहा मिनिटांत कुणीतरी एक सेल घसरायला लागणार. मग टप्. लाइन कधी येईल, कोण जाणे.

बांधाकडेचा तो खड्डा त्याला आठवला. "परत नाय बघवत."

अजून दहा दिवस, त्याने मनात मोजले. दहा दिवसांनी काढू. दहा दिवसांत असं काय होणार आहे?

त्याने अंडं चिंधीत गुंडाळलं. झाकण लावलं.

बाहेर आला. सुपं चालूच होती.

"नम्रता," त्याने हाक मारली.

"काय?"

दोघी एकदम वळल्या. आवाज एकच आला. दोघींपैकी एक जरी हसली असती, तरी त्याला नम्रता कोणती ते कळलं असतं. पण दोघी नुसत्या त्याच्याकडे बघत होत्या, पुढे काय म्हणतोय म्हणून, डोळे जरा बारीक करून.

"काय नाय," नीलेश म्हणाला. "मशीन मस्त चाललंय."